पाठ १७ : आजीची लवंग

दाढ दुखायला लागली की आजी लवंग देते. देरात लवंगेसाठी लांब जावं लागत नाही. खाडीच्या काठी मसाल्यांचा बाजार आहे. तिथे लवंग, वेलची, दालचिनी पोत्यांतून उघडी मांडलेली असते. लवंग दाढेखाली धरली की जागा बधिर होते, म्हणजे तिथलं दुखणं जाणवत नाही. आजीचा उपाय काही खोटा नाही. पण लवंगेने दुखणं थांबतं, कीड थांबत नाही. दाढेच्या मुळाशी जंतू शिरले असतील, तर तिथे पू होतो.

हा संवाद दोघांनी मिळून मोठ्याने वाचा.

नात : आजी, गाल केवढा सुजलाय तुझा!
आजी : अगं, दाढ आहे. उतरेल दोन दिवसांत. पुण्याहून आणलेल्या गोळ्या आहेत ना.
नात : कसल्या गोळ्या?
आजी : मागच्या वर्षी घशासाठी दिलेल्या. चार उरल्यात.
नात : तोंड उघड बघू.
आजी : एवढंच उघडतंय गं. थुंकीसुद्धा गिळवत नाही.
नात : आई! आधी इकडे ये!

नात घाबरली, ते बरं झालं. खालच्या दाढेतला संसर्ग कधी कधी जिभेखाली आणि हनुवटीखाली उतरतो. जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होते. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. अशा वेळी दातांच्या डॉक्टरांची वेळ मिळायची वाट बघायची नाही. सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं, नाहीतर रुग्णवाहिकेसाठी ९९८ला फोन करायचा.

आणि त्या चार गोळ्या? साठलेला पू डॉक्टरांनाच बाहेर काढावा लागतो. औषधही पुरेसं आणि योग्य लागतं. ऑक्सफर्डचे पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर यांच्या चेहऱ्यावरचा संसर्ग डोक्यापर्यंत पसरला होता. त्यांचा एक डोळा काढावा लागला. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांना पेनिसिलिन दिलं. ताप उतरला, ते जेवू लागले. पण औषध इतकं थोडं होतं की त्यांच्या लघवीतून ते पुन्हा वेगळं काढून वापरलं. तरीही साठा संपला. आजार उलटला आणि मार्चमध्ये ते गेले. पुढे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलिन आपल्याकडेच तयार होऊ लागलं.

भाषेकडे लक्ष द्या

‘आजी गिळत नाही’ आणि ‘आजीला गिळवत नाही’ यांत मोठा फरक आहे. पहिल्या वाक्यात आजी कदाचित हट्ट करत असेल. दुसऱ्यात तिची इच्छा आहे, पण तिला जमत नाही. डॉक्टरांना दुसरं वाक्य ऐकू येणं गरजेचं आहे. असंच : बोलवत नाही, उठवत नाही, बघवत नाही.

सराव

आई कामावर आहे आणि तुम्ही घरी आहात. तिला फोनवर सांगा : आजीचं काय सुजलंय, कधीपासून, आणि तिला काय काय करवत नाही. तीनच वाक्यं.