दिवे लावले, फ्यूज उडतो

प्रश्न : मोटरसायकलला ५५ वॅटचे दोन जादा दिवे लावले. जोडणी हेडलाइटच्या वायरीवरूनच घेतली. आता स्विच तापतो, फ्यूज उडतो. मोठा फ्यूज टाकू का? लांबच्या प्रवासात सीटही टोचते.
– एक वाचक, सातारा

उत्तर : मोठा फ्यूज मुळीच टाकू नका! फ्यूज वायरीला वाचवतो. तो मोठा केलात तर वायरच जळेल, आणि वर पेट्रोलची टाकी आहे. हिशेब बघा : ११० वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे ९ अँपिअरहून जास्त. हा भार मूळ स्विचवर नकोच.

त्यासाठी रिले, म्हणजे बारीक प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून दिव्यांना. ८६ ला हँडलवरच्या वेगळ्या स्विचची बारीक वायर, ८५ चेसीला. मुख्य वायर दोन चौरस मिलिमीटरची घ्या. काम सुरू करताना बॅटरीचं ऋण टोक आधी सोडवा.

सांध्यांना नुसती चिकटपट्टी नको. पावसाळ्यात ती सुटतेच. माझ्या गाडीची वायर टाकीखाली चिमटून सोलली गेली होती, हिरवट पडलेलं तांबं अजून डोळ्यांपुढे आहे. म्हणून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना, हे पाहा. हे दिवे सतत लावले तर बॅटरी उतरू शकते. चालू इंजिनवर व्होल्टेज मोजा.

सीटसाठी मऊ फोम नको, तो तासाभरात बसतो. घट्ट फोम घाला, पण पाय जमिनीला टेकतील एवढाच.