परमुलखातून आलेले मूल आणि शाळेची भाषा

पाठाचा हेतू : स्वदेश सोडून आलेल्या कुटुंबातील मुलांना नव्या देशाची भाषा शिकविताना शाळेने काय करावे व काय टाळावे, याचा अमेरिकेतील अनुभवाच्या आधारे विचार करणे, आणि आपल्या वर्गात परभाषी घरातून येणाऱ्या मुलाकडे पाहण्यासाठी त्यातून दृष्टी घेणे.

१. प्रश्नाचे स्वरूप

शिक्षकबंधुभगिनींनो, मनुष्य देशांतर करतो तेव्हा घर, शेत, गुरेढोरे मागे राहतात; भाषा मात्र त्याच्या सोबत जाते. नव्या देशात प्रौढ माणूस कारखान्यात किंवा शेतावर दहावीस शब्दांवर आपले काम भागवून नेतो. त्याच्या मुलाला ही सवलत नाही. ते शाळेत जाते आणि पहिल्याच दिवशी परक्या भाषेत ऐकणे, वाचणे, लिहिणे व उत्तर देणे अशी चारही ओझी त्याच्या डोक्यावर एकदम येतात. म्हणून यजमान देश आणि परका माणूस यांची खरी गाठ शाळेतच पडते.

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उभा राहिला. न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावरच्या तपासणी केंद्रातून १८९२ ते १९५४ या काळात एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसे त्या देशात आली. सन १९०७ या एका वर्षात देशभर सुमारे १२ लाख ८५ हजार लोक दाखल झाले. इटालियन, पोलिश, यिडिश, जर्मन, हंगेरियन अशा नाना भाषा बोलणारी मुले एकेका वर्गात बसू लागली. त्यांचे काय करावयाचे, या प्रश्नाला त्या देशाने निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली. त्यांपैकी काही उत्तरे आपण क्रमाने पाहू.

२. मूस आणि वाद्यवृंद

सोनार मुशीत जुने दागिने घालतो आणि त्यांचा एक रस करतो, त्याप्रमाणे सर्व वंशांचे व भाषांचे लोक वितळून एक नवा समाज घडेल, ही कल्पना इझ्रायल झँगविल यांच्या १९०८ सालच्या नाटकामुळे सर्वतोमुखी झाली. मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनी १९१४ साली आपल्या परदेशी कामगारांसाठी इंग्रजीची शाळा काढली. तिच्या पदवीदान समारंभात रंगमंचावर एक प्रचंड हंडा ठेवलेला असे. आपापल्या देशाचा वेष केलेले कामगार एका बाजूने हंड्यात उतरत आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकन पोशाख घालून, हाती त्या देशाचे निशाण घेऊन बाहेर पडत. जुने सर्व टाकावे आणि नवे सर्व घ्यावे, असा या सोहळ्याचा अर्थ होता.

हा विचार सर्वांनाच मान्य होता असे नाही. होरेस कॅलन या तत्त्वज्ञाने १९१५ साली वाद्यवृंदाची उपमा पुढे मांडली. वृंदात प्रत्येक वाद्याचा नाद निराळा राहतो, तरी संगीत एकच होते. राष्ट्रही तसे असू शकते, असे त्याचे म्हणणे. मूस की वाद्यवृंद, हा वाद आजही संपलेला नाही. शिक्षकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, मनाशी यांपैकी कोणते चित्र आहे त्यावर वर्गातील वागणूक ठरते.

३. नेब्रास्कामधील शिक्षक

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या अनेक भागांत जर्मन भाषेतून शिकविणाऱ्या शाळा उघडपणे चालत. ओहायो राज्याने तर १८३९ सालीच पालकांच्या मागणीवरून जर्मन शिक्षणाला कायद्याने वाट करून दिली होती. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध उतरली आणि वारे फिरले. आयोवा राज्याच्या राज्यपालांनी १९१८ साली शाळांत, सार्वजनिक ठिकाणी, प्रार्थनामंदिरांत आणि दूरध्वनीवरसुद्धा इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरू नये, असे फर्मान काढले. नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदाच केला की, कोणताही विषय इंग्रजीशिवाय अन्य भाषेतून शिकवू नये, आणि आठवी इयत्ता उत्तीर्ण होईपर्यंत मुलाला परकी भाषा शिकवू नये.

त्या राज्यातील रॉबर्ट मेयर नावाचे शिक्षक चर्चच्या एका ग्रामीण शाळेत शिकवीत असत. दि. २५ मे १९२० रोजी दहा वर्षांच्या एका मुलाकडून ते जर्मन भाषेतील बायबलच्या गोष्टी वाचून घेत होते. त्यांच्यावर खटला झाला आणि पंचवीस डॉलर दंड झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम केला. प्रकरण संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे १९२३ साली सात विरुद्ध दोन मतांनी निकाल मेयर यांच्या बाजूने लागला.

या निकालाचा आशय आपण नीट समजून घेतला पाहिजे. देशातील सर्वांना एक समान भाषा यावी ही इच्छा योग्य आहे आणि शाळांनी इंग्रजी शिकवावे असा आग्रह राज्य धरू शकते, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र त्या हेतूसाठी शिक्षकाचा शिकविण्याचा आणि आईबापांचा आपल्या मुलाला शिकवून घेण्याचा हक्क हिरावून घेता येणार नाही, असे त्याने ठरविले. मुलाला दुसरी भाषा येणे ही स्वतः काही हानिकारक गोष्ट नव्हे, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले.

४. एकच बाक, एकच पुस्तक

बंदी उठली म्हणजे शिक्षण मिळाले असे होत नाही. याचा प्रत्यय पन्नास वर्षांनी सॅनफ्रान्सिस्को शहरात आला. तेथील शाळांत इंग्रजी न येणारी २,८५६ चिनी वंशाची मुले होती. त्यांपैकी सुमारे एक हजार मुलांना इंग्रजीचे जादा शिक्षण मिळे; उरलेल्या सुमारे अठराशे मुलांना काहीच मिळत नसे. शाळाखात्याचे म्हणणे असे की, आम्ही कोणाला वेगळे वागविलेले नाही. सर्वांना तेच शिक्षक, तीच पुस्तके, तोच अभ्यासक्रम आहे. 'लाऊ विरुद्ध निकोल्स' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शाळाखात्याचे हे समर्थन फेटाळले. ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासमोर तेच पुस्तक ठेवल्याने समानता साधत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. उपाय कोणता करावा हे न्यायालयाने सांगितले नाही. परंतु काहीतरी उपाय केलाच पाहिजे, हे निश्चित केले.

याहून गंभीर प्रकार कॅलिफोर्नियातील दुसऱ्या एका खटल्यात उघड झाला. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतील नऊ मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीतून घेण्यात आली आणि त्यांना मंदबुद्धी ठरवून निराळ्या वर्गात घालण्यात आले. तीच मुले स्पॅनिशमधून पुन्हा तपासली तेव्हा बहुतेकांचे गुण मंदबुद्धीच्या मर्यादेच्या वर गेले. १९७० साली तडजोड होऊन मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेतही घ्यावी, असे ठरले. भाषेतील उणीव बुद्धीची उणीव म्हणून नोंदविली गेली म्हणजे मुलाचे सारे आयुष्य वेगळ्या वाटेला लागते. ती नोंद लेखणीच्या एका फटकाऱ्याने होते. पुसण्यास मात्र न्यायालयात जावे लागते.

मातृभाषेच्या आधाराने शिकवावे की प्रथमपासून इंग्रजीतच बुडवून काढावे, याविषयी तेथे अद्याप मतभेद आहेत. वेगळ्या वर्गात फार वर्षे ठेवल्यास मूल इतरांपासून तुटते, ही भीती अनाठायी नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ साली द्विभाषिक वर्गांवर कडक निर्बंध घातले आणि २०१६ साली मतदारांनीच ते बहुतांशी उठविले. तथापि पद्धतीविषयी वाद असला तरी, न समजणाऱ्या मुलाला तसेच बसवून ठेवावे असे कोणताही जाणता पक्ष म्हणत नाही.

५. अंगणाची भाषा आणि पुस्तकाची भाषा

कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून एक अत्यंत उपयुक्त भेद दाखविला. खेळताना, भांडताना, वस्तू मागताना लागणारी भाषा मूल साधारणपणे दोन वर्षांत आत्मसात करते. परंतु धडा समजणे, कारण सांगणे, गणितातील शाब्दिक उदाहरण उलगडणे यांसाठी लागणारी भाषा समवयस्कांच्या बरोबरीने येण्यास पाच ते सात वर्षे लागतात.

या दोहोंतील अंतर न ओळखल्याने शिक्षकाची फसगत होते. मूल मधल्या सुट्टीत झरझर बोलताना दिसते. वर्गात मात्र गप्प बसते. मग 'भाषा तर येते, म्हणजे आळशी असावे किंवा बुद्धी कमी असावी' असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः ते अर्ध्या वाटेवर असते आणि त्याच वेळी आपण त्याचा हात सोडून देतो.

६. घर आणि शाळा यांच्यामध्ये

पहिली पिढी घरची भाषा बोलते, दुसरी दोन्ही बोलते आणि तिसरीला बहुधा यजमान देशाचीच भाषा येते, असा क्रम अमेरिकेत पुनःपुन्हा दिसून आला आहे. आपल्या लोकांनाही तो चुकलेला नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांची घरातील बोली आज मुख्यतः क्रिओल आहे. मराठी ते प्राथमिक शाळेत एक विषय म्हणून शिकतात. नवी भाषा येणार की नाही, ही चिंता म्हणूनच फारशी नाही. ती पिढीगणिक येतेच. चिंता अशी की, ती येत असताना मुलाला आपल्या आईची लाज वाटू लागते.

शिकागोतील समाजसेविका जेन ॲडम्स यांनी 'हल हाउस' या आपल्या संस्थेतील एका इटालियन मुलीची हकीकत लिहून ठेवली आहे. आई आणि मुलगी एकाच संध्याकाळी निरनिराळ्या वर्गांना येत. पण गावंढळ दिसणाऱ्या आईबरोबर आपल्याला कोणी पाहू नये म्हणून मुलगी दुसऱ्या दाराने आत शिरे. संस्थेने १९०० साली श्रमसंग्रहालय उघडले आणि परदेशी स्त्रियांना हातचातीवर सूत कातून दाखविण्यास बसविले. शिक्षणक्षेत्रातील जाणती माणसे आपल्या आईचे कौशल्य वाखाणताना मुलीने ऐकले. त्यानंतर ती आईच्याच दाराने येऊ लागली. या गोष्टीत कोणी उपदेश केला नाही. आईला जे येते त्याला संस्थेने चारचौघांत जागा दिली, एवढेच.

७. आपल्या वर्गात

आपल्याकडे येणारी मुले परदेशची नाहीत. ती या देशाची नागरिक आहेत आणि येथील शाळेवर त्यांचा पूर्ण हक्क आहे. तरी भाषेची अडचण त्याच जातीची आहे. वीटभट्टीवर परराज्यातून आलेल्या मजुरांची मुले, तांड्यावरील गोरमाटी बोलणारी, मेळघाटातील कोरकू बोलणारी, सातपुड्यातील भिली बोलणारी मुले यांना पुस्तकातील मराठी परकीच वाटते. बीडकडील ऊसतोड कामगारांची जी मुले आईबापांबरोबर कर्नाटकात जातात, त्यांच्यावर तेथे कानडी शाळेत हाच प्रसंग येतो. १९५६ साली घटनेत समाविष्ट झालेले ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी कराव्यात असे सांगते, आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शक्यतो मातृभाषेतून शिकविण्याचा निर्देश करतो. सर्वत्र तशी सोय होत नाही. तोवर शिक्षकाला पुढील गोष्टी स्वतःच्या अधिकारात करता येतील.

(१) दाखल करतानाच घरी कोणती भाषा बोलतात हे विचारून टिपून ठेवावे.
(२) त्या भाषेतील चाळीसपन्नास शब्द मुलाकडूनच शिकून घ्यावेत. पाणी, भूक, दुखते, समजले, नाही समजले, एवढ्यापासून प्रारंभ करावा. गुरुजी आपल्याकडून शिकतात हे पाहून मुलाची भीड चेपते.
(३) आरंभीचे काही आठवडे मूल बोलले नाही तर सक्ती करू नये. ते ऐकत असते. चित्र, कृती, वस्तू यांच्या द्वारे उत्तर देऊ द्यावे.
(४) दोन्ही भाषा जाणणारा सोबती शेजारी बसवावा.
(५) 'अप्रगत' अशी नोंद करण्यापूर्वी भावंडाच्या किंवा पालकाच्या मदतीने घरच्या भाषेत एकदा तपासून पाहावे. बेरीज येते पण 'मिळवा' हा शब्द कळत नाही, असे अनेकदा आढळेल.
(६) 'घरी मराठीच बोला' असे पालकांना सांगू नये. आईला जी भाषा उत्तम येते तीत तिने गोष्टी सांगाव्यात. मराठी शिकविण्याचे काम शाळेचे आहे.
(७) मूल बोलू लागले म्हणजे काम झाले असे मानू नये. पुस्तकाच्या भाषेसाठी पुढील इयत्तांतही साहाय्य चालू ठेवावे.

आपल्या गावी आलेल्या मुलाला मराठी उत्तम आली पाहिजे, यात शंका नाही. तिच्यावाचून त्याचे येथे पाऊल अडेल. ती भाषा आपण त्याच्या जवळच्या भाषेत भर म्हणून द्यावी. मूळची शिदोरी काढून घेऊन नवी देणारा यजमान आपल्या संस्कृतीत कधीच थोर मानला गेलेला नाही.

केंद्राच्या मासिक परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत घरी मराठी न बोलणारी मुले किती? त्यांच्या भाषा कोणत्या?
२. त्यांपैकी कोणाची नोंद 'अप्रगत' अशी झाली आहे काय? ती कोणत्या भाषेत तपासून झाली?
३. सॅनफ्रान्सिस्कोच्या शाळाखात्याचे समर्थन आपल्या शाळेतही ऐकू येते काय? केव्हा?
४. अशा मुलांच्या आईवडिलांपैकी कोणाला कोणते कसब अवगत आहे? ते वर्गापुढे कसे आणता येईल?