आधी जवळ घे

वाई, ता. ९ जानेवारी

चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझी आत्या परवा पुण्याहून परतली आणि चहाचा कप हाती घेण्यापूर्वीच तिने सोनूची हकीकत सांगितली. दिवाणावरून उड्या मारताना तो टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटला, भिवईवर खोक पडली आणि तीन टाके घालावे लागले, एवढे ऐकून मला फारसे भय वाटले नाही. खेळत्या मुलाच्या कपाळी एखादी खूण असायचीच. परंतु पुढे तिने जे सांगितले, त्याने माझी झोप उडाली आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे, रक्त दिसताच तू प्रथम त्याच्या पाठीत धपाटा घातलास, ‘शंभरदा सांगितले होते’ म्हणून ओरडलीस आणि त्यानंतर त्याला उचललेस. आणि पुढच्याच आठवड्यात दारात बोट चिमटले तेव्हा त्या पोराने हूं की चूं केले नाही. दोन वेळा तो डाव्या हाताने जेवला, उजवा हात चड्डीच्या खिशात घालून घरभर हिंडला, आणि आत्याने हात धुवायला नेले तेव्हा नखाखाली काळेनिळे रक्त साकळलेले तिच्या दृष्टीस पडले. का सांगितले नाहीस, असे विचारता म्हणाला, ‘आई मारील.’

आत्याला तिखटमीठ लावून सांगण्याची सवय आहे हे आपण सारे जाणतो, आणि तिच्या जबानीतून मी एरवी निम्मे वजा करूनच घेतो. पण डाव्या हाताने जेवण्याची गोष्ट तिला रचता यायची नाही. ती ऐकताच मला तुझे बाबा आठवले.

मी तुझ्यावर रागावलो आहे, हे लपवीत नाही. माझा उभा जन्म मामलेदार कचेरीत गेला. अपघात घडला की प्रथम जखमी माणसाची व्यवस्था आणि पंचनामा मागाहून, हा क्रम खेड्यातल्या पोलीस पाटलासही ठाऊक असतो. आपल्या घरांतून मात्र मूल पडले की आधी कैफियत, लगोलग शिक्षा, आणि उरल्या वेळात हळद नि पाणी! चार वर्षांच्या जीवाला यातून एवढेच उमजते की पडणे हा गुन्हा आहे, आणि गुन्हा दडवण्याची बुद्धी मुलाला कोणी शिकवावी लागत नाही.

तुझ्या बाबांचा उजवा हात तू जन्मापासून पाहिलास: कोपरात वाकलेला, मनगटापाशी बारीक झालेला, बोटे आत वळलेली. सदऱ्याच्या गुंड्या तुझी आई लावून देई, आणि सही ते डाव्या हाताने करीत. लहानपणी नदीकाठच्या आंब्यावरून पडले, अशी कथा तुम्हा मुलांना सांगण्यात आली, आणि मीही ती कधी खोडून काढली नाही. खरी गोष्ट अशी की, तो आपल्या घरातच, माळ्याच्या शिडीच्या चौथ्या पायरीवरून पडला. तो सात वर्षांचा होता, मी दहा. माळ्यावर चढण्यास तुझ्या आजोबांची सक्त मनाई होती, कारण त्यांचे जुने दप्तर तेथे असे; आणि आम्ही मांजाची फिरकी शोधायला गेलो होतो. पडल्यावर तो रडला नाही. आजोबांनी ऐकले की काय म्हणून त्याने प्रथम दाराकडे पाहिले, आणि मला म्हणाला, ‘दादा, सांगू नकोस.’ मी सांगितले नाही. दोन दिवस त्याने हात सदऱ्याखाली दडवला आणि भूक नाही म्हणून पानावरून उठला, कारण उजव्या हाताने घास उचलवत नव्हता आणि डाव्याने जेवला असता तर आजीने विचारले असते.

तिसऱ्या दिवशी न्हाऊ घालण्यासाठी आजीने सदरा काढला तेव्हा कोपर सुजून तट्ट झाले होते. शेजारच्या गावचा हाडवैद्य आला. त्याने आंबेहळदीचा लेप देऊन बांबूच्या कामट्या करकचून आवळल्या. रात्री बोटे थंडगार आणि निळी पडली, पोर विव्हळू लागले, आणि ‘हाड बसते आहे, दुखणारच’ असे थोरामोठ्यांनी एकमेकांना समजावले. आज मला ठाऊक आहे की कोपरावरचे हाड मोडले असता सुजेने आणि घट्ट बांधण्याने रक्ताची वाट अडते, व काही तासांतच स्नायू मरू लागतात. बांधल्यावर वेदना उतरण्याऐवजी चढत गेली, बोट सरळ करू जाता मूल किंचाळले, तर ते बंधन तत्काळ सोडून मुलाला इस्पितळात न्यावे लागते. आम्ही मिरजेला पोहोचेपर्यंत आठवडा लोटला होता. आजोबा दुष्ट नव्हते, ताई; कडक होते, आणि कडक असणे हेच पित्याचे कर्तव्य असे त्या काळी मानीत. त्यानंतर त्यांनी घरात कोणावर हात उगारला नाही. आंब्याची कथाही त्यांच्यासाठीच निघाली, कारण आपल्या धाकाने मुलाचा हात गेला, हे वाक्य त्यांच्यादेखत उच्चारणे कोणालाच शक्य नव्हते. आणि मी त्या दोन दिवसांत एकदा जरी आजीचा पदर ओढला असता तर काय झाले असते, हा विचार या वयातही मला सोडीत नाही.

म्हणून सांगतो, सोनूने तुझ्यापासून दुखापत लपवली, ही त्या तीन टाक्यांहून फार मोठी जखम आहे. घरातल्या अपघातांत बहुतेक सारा हिशोब वेळेचा असतो. चहा किंवा आमटी अंगावर सांडून पोळले तर तो भाग लगेच नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली चांगली २० मिनिटे धरायचा असतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळदही नको, आणि फोड फोडायचे नाहीत. घड्याळातील किंवा खेळण्यातील चपटी गोल बॅटरी मुलाने गिळली आणि ती घशाखाली अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून भाजते. तेथे केळे खाऊ घालून वाट पाहणे नाही, थेट इस्पितळ गाठणे. डोक्यावर पडलेल्या मुलाकडे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहावे: पुन्हा पुन्हा उलटी झाली, भलत्या वेळी गुंगी आली, हाक मारून जागे होईना, झटका आला, किंवा कानानाकातून पाण्यासारखा स्राव आला, तर मध्यरात्र असो, १०८ क्रमांकाला फोन लावावा. टाके घालताना डॉक्टरांनी हे तुला सांगितलेच असेल. पण या सगळ्याची सुरुवात होते ती मूल ‘आई, मला लागले’ असे म्हणते त्या क्षणापासून. ते शब्द त्याच्या ओठांवर येण्यापूर्वीच भयाने परतले, तर तुझे सारे ज्ञान आणि त्या कपाटातली औषधांची पेटी काय उपयोगाची?

धाकटी आता रांगू लागली असेल. न्हाणीघरातील बादली रिकामी करून पालथी घालीत जा. वीतभर पाण्यातही तान्हे मूल बुडते, आणि बुडताना आवाज होत नाही. शेंगदाणे तिच्या हाती लागू देऊ नकोस. सोनू गुपचूप कोपऱ्यात बसून तिला भरवील, कारण तो मायाळू आहे.

आणखी एक ऐकले, ते मला मुळीच रुचले नाही: तू दिवाण भिंतीकडे उलटा लावून ठेवला आहेस आणि उड्या, शिडी, झोका, सारेच बंद केले आहेस. टीपॉय हलव, त्याच्या कोपऱ्यांना जाड कापड बांध, दिवाणाखाली सतरंज्या पसर. पण उडी बंद करू नकोस. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला गरिबांच्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, त्या कामामागे मुलाने निर्भयपणे, स्वतःच्या हाताने करून शिकावे अशी श्रद्धा होती. आणि ज्या माँटेसरी पद्धतीतून ती प्रेरणा आली, तीत मुलांच्या हाती मुद्दाम खऱ्या काचेची नि चिनीमातीची भांडी देतात, ती जपून कशी न्यावी हे हातांनाच कळावे म्हणून. ज्याला पडू दिले नाही त्याला तोल कसा यावा? मला भीती त्याच्या पडण्याची नाही. पडून उठल्यावर तो प्रथम कोणीकडे पाहतो, एवढीच आहे.

येथवर लिहून पत्र पुन्हा वाचले आणि वाटले, मी फार कठोर लिहिले. तू का मारलेस ते मला कळते. रक्त पाहिले की आईच्या काळजात जी धडकी भरते तिला बाहेर पडायला वाट सापडत नाही, आणि ती हातातून बाहेर पडते. जावईबापू महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर, तुझी नोकरी, दोन लेकरे, घरात वडीलधारे कोणी नाही. पूर्वी मूल पडले की चार बायका धावत, एक पाणी आणी, एक मुलाला घेई आणि एक आईला धरी. तुला धरायला त्या वेळी कोणी नव्हते, याचे मला फार वाईट वाटते. आत्या हे सांगायला विसरली, पण मी विचारून घेतले: टाके घालून परतल्यावर तू रात्रभर त्याच्या उशाशी बसून होतीस आणि त्याच्या श्वासावर हात ठेवला होतास.

तुला आठवते का, अंगणातल्या झोपाळ्यावरून तू तोंडावर आपटली होतीस? ओठ फाटला होता, नवा परकर रक्ताने भरला होता. तुझे बाबा ओसरीवरून धावत आले आणि त्यांनी तुला त्या एका धड हाताने उचलून खांद्यावर घेतले. कशी पडलीस, हे त्यांनी ना तेव्हा विचारले, ना नंतर. तुला मात्र सांगायची इतकी घाई, की फुटक्या ओठाने सारी हकीकत तू त्यांना वैद्यांच्या दारापर्यंत ऐकवलीस.

सोनूला आज जवळ घेऊन सांग की लागल्यावर आई मारणार नाही. एकदा सांगून त्याला खरे वाटणार नाही. पुढच्या वेळी पडेल तेव्हा वाटेल. त्याचे नख बहुधा गळून पडेल आणि काही महिन्यांत नवे येईल, हेही त्याला आधीच सांगून ठेव, म्हणजे घाबरणार नाही. टाके काढले की कळव. तू स्वतः वेळेवर जेवतेस का, तेही लिही. रात्री-अपरात्री काही झाले आणि कोणाशी बोलावेसे वाटले तर मला फोन कर, संकोच करू नकोस. औषध मला ठाऊक नसले तरी तू एकटी नाहीस एवढे तरी कळेल. मे महिन्यात मुलांना घेऊन ये. माळ्याची शिडी मी सुताराकडून पक्की करून घेतो आहे, दोन्ही बाजूंना कठडाही लावायला सांगितला आहे.

मुलांना गोड पापा. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा
दादाकाका