धडा ७ : गाव करी ते राव न करी

मुलांनो, ही म्हण घरातल्या आजी-आजोबांना विचारा. एकट्या राजाला जे जमत नाही, ते सारे गाव मिळून करते, असा तिचा अर्थ.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे सदस्य निवडून येतात. पण ग्रामसभेत मतदार यादीतला प्रत्येक गावकरी सदस्य असतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावात ठराव बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. कुणाची हरकत असेल, तर पुन्हा बसून बोलायचे.

आपल्या इस्रायलमध्ये नगराध्यक्ष आणि नगर परिषद यांच्यासाठी दोन वेगळ्या चिठ्ठ्या टाकतात. क्नेसेतच्या मतदानाला १८ वर्षे पूर्ण लागतात, इथे १७ पुरतात. म्हणजे तुमच्यातल्या मोठ्यांनाही मत आहे! शिवाय परिषदेच्या सभा नागरिकांना खुल्या असतात. वडीलधाऱ्यांना हिब्रू वाचणे जड जात असेल, तर सभेपुढचा विषय त्यांना मराठीत समजावून सांगा आणि त्यांचे म्हणणे तिथवर पोचवा. गप्प बसलेल्या घराची अडचण ठरावात येत नाही.

शब्दार्थ : ठराव – सभेने मान्य केलेला निर्णय. हरकत – आक्षेप. इतिवृत्त – सभेची लेखी नोंद.

प्रश्न : १. बहुमत आणि सर्वसहमती यांत फरक काय? २. तुमच्या वस्तीतला कोणता प्रश्न परिषदेपुढे न्यावा? घरी विचारून पाच ओळी लिहा.