पुढचा एक दात कमी केला तर?

प्रश्न : माझी हिमालयन ४११ आहे. चिपळूणहून कराडला नेहमी जाणं होतं. मागे बायको आणि दोन बॅगा. कुंभार्ली घाटात तिसऱ्या गिअरला गाडी गुदमरते आणि दुसऱ्यात टाकली की नुसती ओरडते. गॅरेजवाले म्हणतात, पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करा, पिकअप वाढेल. खरंच वाढतो का? आणि वाढत असेल तर कंपनीच तसं का देत नाही?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : वाढतो. पण गॅरेजवाल्यांनी हिशेबाची एकच बाजू सांगितली आहे.

तुमच्या गाडीला कंपनीने पुढे १५ आणि मागे ३८ दात दिले आहेत. म्हणजे गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट २.५३ वेळा फिरतो तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. पुढे १४ दात बसवले की हा आकडा २.७१ होतो. चाकावर येणारा जोर सुमारे सात टक्क्यांनी वाढतो आणि इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत मिळणारा वेग जवळपास तितकाच उतरतो. इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही. ते आता थोडं जास्त फिरून तेच काम करतं, एवढंच. सपाट रस्त्यावर टॉप गिअरला ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, त्याच वेगाला ते आता ४२८५ च्या आसपास घेईल. सिंगल सिलिंडर गाडीत हा फरक हँडलला आणि फूटरेस्टला जाणवतो. कंपनीला घाट, हायवे आणि शहर तिन्ही सांभाळायचे असतात, म्हणून ती मधला आकडा धरते. तुम्हाला तुमचाच रस्ता सांभाळायचा आहे.

आता सात टक्के म्हणजे किती? गाड्यांच्या वरच्या गिअरांमध्ये एकापासून दुसऱ्यात साधारण पंधरा ते पंचवीस टक्क्यांचं अंतर असतं, खालच्या गिअरांमध्ये त्याहून जास्त. म्हणजे एक दात हा फार तर अर्धा गिअर झाला. शिवाय स्प्रॉकेट बदललं की सगळे गिअर एकदमच खाली सरकतात; त्यांच्यातली अंतरं आहे तशीच राहतात. दुसरा आणि तिसरा यांच्यामधली दरी बुजणार नाही, ती थोड्या कमी वेगाकडे सरकेल. घाटात तुमचा वेग नेमका त्या दरीत अडकत असेल, तर तिसरा गिअर आता धरेल आणि तुम्हाला खूप बरं वाटेल. पण वळणं अवघड असून वेग आणखी कमी ठेवावा लागत असेल, तर दुसरा गिअर टाकावाच लागेल. तो तर आजही आहे, आणि फुकट आहे. इंजिन थोडं ओरडलं म्हणून बिघडत नाही. टॅकोमीटर लाल पट्ट्याच्या बराच खाली असेल तर बिनधास्त ओरडू द्या. गुदमरत्या इंजिनाला थ्रॉटल पिळून ओढायला लावणं त्याहून वाईट.

खरा फायदा मला पहिल्या गिअरमध्ये दिसतो. चढावर ट्रकच्या मागे थांबून, मागे माणूस आणि सामान घेऊन पुन्हा निघताना हाफ क्लचवर जो खेळ करावा लागतो, तो सात टक्क्यांनी नक्की हलका होतो. क्लचप्लेटा वाचतात.

करायचंच असेल तर पुढचंच बदला. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे जवळजवळ तीन वाढवणं : ४१ भागिले १५ केले तर २.७३ येतात. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त, आणि नाही आवडलं तर जुनं परत बसवता येतं. त्याने चेन थोडी सैल पडते. चाक तीन-चार मिलिमीटर मागे ओढलं की झालं. मागे तीन दात वाढवले तर चाक सेंटिमीटरभर पुढे घ्यावं लागतं आणि नव्या चेनला तेवढी जागा नसेल तर लांब चेन आणावी लागते. पुढचं फार लहान करण्यातही तोटा आहे : चेन तिथे जास्त वाकते, लवकर झिजते आणि स्विंगआर्मच्या रबरी पट्टीला घासू लागते. म्हणून एकच दात, दोन नकोत. आणि चेन जुनी, ताणलेली असेल तर त्यावर नवं स्प्रॉकेट चढवू नका. पूर्ण चेनसेट बदलायची वेळ येईल तेव्हाच हा बदल करून घ्या.

एक शंका मात्र आधी मिटवा. गाडी पूर्वी हाच घाट तिसऱ्यात चढत होती का? असेल, तर दोष दातांचा नाही. एअर फिल्टर, क्लच, चिकटलेला ब्रेक, टायरमधली हवा, या क्रमाने तपासा.

प्रश्न : स्प्रॉकेट बदलल्यावर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो का?
— एक वाचक

उत्तर : मीटर कुठून वेग घेतो त्यावर आहे. पुढच्या चाकातून केबल किंवा सेन्सर असेल तर काहीच फरक नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून घेत असेल तर चुकतो : पुढे १५ चे १४ केलेत, तर मीटरवर ८० दिसेल तेव्हा खरा वेग ७५ च्या आतबाहेर असेल. किलोमीटरही तसेच फुगतात, आणि त्यावरून अ‍ॅव्हरेज काढणारे लोक ‘पिकअपही वाढला, अ‍ॅव्हरेजही वाढलं’ असं खुशीत सांगत फिरतात. फोनवरच्या जीपीएसशी एकदा ताडून पाहा.

प्रश्न : मग अ‍ॅव्हरेजसाठी पुढे एक दात वाढवला तर?
— आणखी एक वाचक

उत्तर : मोकळ्या हायवेवर, एकट्याने, एकसारख्या वेगाने जात असाल तर थोडं वाढू शकेल. १०० सीसीच्या गाडीवर दोघं बसून समोरून वारा असेल, तर टॉप गिअर ओढणारच नाही आणि चौथ्याचा तिसरा करत बसाल. टॉप स्पीडही वाढायच्या ऐवजी घटू शकतो. तरी बसवायचंच असेल तर मोठं स्प्रॉकेट कव्हरच्या आत घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून आधी बघा.