फितीवरील पोथी : टेपरेकॉर्डरचे स्मरणरंजन आणि मौखिक काव्य

लोप पावलेल्या ध्वनियंत्रांविषयी अलीकडच्या काळात जगभर एक प्रकारचे स्मरणरंजन आढळून येते. अमेरिकेत त्याचे केंद्र 'बूमबॉक्स' हा दोन स्पीकरांचा, मुठीत धरून नेता येणारा मोठा टेपरेकॉर्डर होय. त्याच्याशी निगडित झालेले संगीत म्हणजे साधारणतः १९८६ पासून पुढील दहा वर्षांतील 'सुवर्णयुगीन' हिप-हॉप. भारतात रेडिओ व कॅसेट यांची सोय असलेल्या अशा यंत्राला 'टू-इन-वन' हे नाव रूढ झाले. यंत्राविषयीच्या या ओढीत त्या यंत्रातून उमटलेल्या शब्दाचे स्थान कोणते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारावयास हवा.

हिप-हॉपचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क याने वाजविलेल्या संगीतापासून मानतात. या परंपरेची पहिली लोकप्रिय ध्वनिमुद्रिका 'रॅपर्स डिलाइट' निघाली ती १९७९ मध्ये. मधल्या सहा वर्षांतील काव्य मैदानांत आणि समारंभांत उच्चारले गेले. त्यातील जे उरले ते मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या स्मृतीत आणि हातोहात फिरलेल्या फितींवर. पुढे बूमबॉक्स हे या काव्याचे चिन्हच बनले. एल. एल. कूल जे याच्या 'रेडिओ' (१९८५) या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर कवीऐवजी हे यंत्रच विराजमान आहे. स्पाइक ली यांच्या 'डू द राइट थिंग' (१९८९) या चित्रपटात रेडिओ रहीमच्या यंत्राच्या आवाजावरून वाद पेटतो; आधी यंत्र फोडले जाते आणि नंतर पोलिसांच्या हातून रहीमचा प्राण जातो. रस्त्यावर आपला आवाज मोठ्याने ऐकविण्याचा अधिकार कोणाला, हाच तेथे वादाचा विषय आहे. चित्रपटातील तो बूमबॉक्स आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेला आहे.

हाच प्रश्न मराठीच्या संदर्भात पाहावयाचा तर जबलपूरमधील अधारतालसारखी वस्ती उपयोगी पडते. गोंड राज्याची राणी दुर्गावती हिचा मंत्री अधारसिंह याच्या नावाचा तलाव, आणि १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय, ही या भागाची ओळख. १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर ही एकाच मध्यप्रांतातील शहरे होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, राज्यपुनर्रचनेने ही दोन शहरे निरनिराळ्या राज्यांत गेली. जबलपूरच्या मराठी भाषकाला शाळा, कचेरी आणि रस्ता हिंदीचा, तर घर मराठीचे, अशी विभागणी स्वीकारावी लागली. अशा ठिकाणी कॅसेटचे महत्त्व निराळे ठरते. नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत मावणारी ही वस्तू मराठी वाचनाची सवय नसलेल्या पुढच्या पिढीलाही भाषेचा स्वर ऐकवू शकत होती. शिवाय आकाशवाणीवर काय लागावे हे केंद्र ठरवी. टेपवर काय लागावे हे घर ठरवी.

या माध्यमाचा मराठीतील सर्वांत अर्थपूर्ण उपयोग भीमगीतांच्या बाबतीत झाला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची रचना सभेत गायिली जाई, इतर गायकांच्या मुखी जाई, आणि तेथून फितीवर उतरे. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा एकच आवाज विठ्ठलगीतांना आणि भीमगीतांना लाभला. विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी शाहिरी आणि लोकनाट्य यांना तो जिवंतपणा दिला. ज्या वस्त्यांच्या शब्दाला छापखान्याचा दरवाजा सहजी उघडत नव्हता, त्यांनी टेपचा कर्णा हेच आपले प्रकाशनगृह केले. गीताच्या अखेरीस येणारी 'वामन' ही नाममुद्रा संतांच्या अभंगातील मुद्रेशी नाते सांगते. रॅपमध्ये कवी स्वतःचे नाव गुंफतो, तेथेही हेच प्रयोजन असते. छापील पान नसेल तर कर्तृत्वाची नोंद काव्याच्या पोटातच करावी लागते. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबाची आठवण देणारी चढाओढही दोन्हीकडे आढळते. हे साम्य उसनवारीचे नव्हे. समान परिस्थितीतून आलेले आहे.

म्हणून कॅसेटकडे पोथी म्हणून पाहणे युक्त ठरेल. हस्तलिखिताप्रमाणे तिच्याही नकला होतात; एका टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरविताना प्रत्येक पिढीत खरखर वाढते आणि अक्षरे पुसट होतात. एकाच गीताचे दोन गायकांचे दोन पाठ मिळतात. साठ मिनिटांच्या फितीची एक बाजू तीस मिनिटांची. ती संपली की रचना मध्येच तुटते, हा खंडही पाठाचाच भाग होय. कॅसेटच्या कडेची चिमुकली पट्टी मोडली म्हणजे मजकूर सुरक्षित राही. पण त्या खाचेवर कागद चिकटवून जुन्यावर नवे भरण्याची सोयही होती. एखाद्या लग्नाच्या ध्वनिमुद्रणाखाली सभेतील गीत गाडले गेले असेल, तर त्याला खोडून पुन्हा लिहिलेल्या पोथीची उपमा शोभेल. फरक एवढाच की खोडलेली शाई कधी वाचता येते. पुसलेला आवाज बहुधा परत येत नाही.

ही पोथी अल्पायुषी आहे. दमटपणाने बुरशी धरते, फितीवरील चुंबकीय लेप सुटतो, वेटोळ्यांतील आवाज शेजारच्या पदरावर उमटून पुसट प्रतिध्वनी ऐकू येतो. त्यातच ती वाचणारे यंत्रच दुर्मिळ झाले. मोडीतील दप्तरे सुरक्षित असून वाचक नसल्यास ती मुकीच राहतात, तशी चालू टेपरेकॉर्डरवाचून फीत मुकी राहते. जुने टू-इन-वन हौसेने बाळगणारा, त्याचा रबरी पट्टा बदलणारा आणि हेड स्वच्छ ठेवणारा माणूस या दृष्टीने उपेक्षणीय नाही. नकळत तो वाचनाची किल्ली सांभाळत असतो. त्याच्या स्मरणरंजनाची मर्यादा एवढीच की बहुधा यंत्राला काच लाभते आणि फीत अडगळीत जाते.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने २००७ मध्ये हिप-हॉपचा संग्रह उभारला, तेव्हा समारंभांची साधी हस्तपत्रकेही साहित्यसाधन मानली गेली. मराठीतही ही परंपरा संपलेली नाही. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाचे 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) हे आरे जंगलाच्या प्रश्नावरील रॅप त्याची साक्ष देते. सुवर्णयुग मागे सरले असे मानून हळहळणे म्हणूनच अपुरे ठरते. अधारतालच्या एखाद्या घरातील कपाटात, शाईने गायकाचे नाव लिहिलेली कॅसेट अजून असेल, तर तिच्याविषयीचे पहिले कर्तव्य आठवण काढण्याचे नव्हे, तिची प्रत करण्याचे आहे. आणि प्रत करताना गायक, प्रसंग, स्थळ आणि वर्ष यांची नोंद ठेवण्याचे आहे. संपादनाची सुरुवात तेथून होते.