पोटाची गोळी आणि टाचेची शीर



आज जाळं, डिझेल, सबसिडी यातलं काही नाही. आज गोळ्यांबद्दल लिहितोय. पोस्ट जरा लांब आहे, पण घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा.

गेल्या पावसाळ्यात आपल्या एका जुन्या सभासद काकांना जुलाब लागले. नाव लिहीत नाही. "लिही, पण नाव नको" असं त्यांनीच सांगितलंय. वय साठच्या पुढे, पण होडी अजून स्वतः ढकलतात. पाऊस पडला की नदीचं पाणी गढूळ आणि पोटं बिघडलेली, हे आपल्याकडे दरवर्षीचंच. काकांनी मेडिकलवर जाऊन "झाडा बंद करायची गोळी द्या" म्हटलं. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. दिवसाला दोन अशा गोळ्या तीन दिवस घेतल्या, पोट थांबलं, कामाला लागले.

पाच-सहा दिवसांनी दोन्ही टाचांच्या मागे दुखायला लागलं. सकाळी उठल्यावर पाय टेकवेना. मला म्हणाले तेव्हा मीच म्हणालो, "काका, चिखलातून होडी ओढून भरलं असेल, तेल गरम करून चोळा." माझा हा सल्ला चुकीचा होता, म्हणून आज हे लिहायला बसलो. चोळून फरक पडला नाही. मग त्यांनी एका ठिकाणी इंजेक्शन घेतलं. त्यात काय होतं ते कागदावर कुठेच नाही. दोन दिवस एकदम बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी होडी पाण्यात लोटताना उजव्या टाचेमागे 'फट्' असा आवाज झाला. काकांनी मागे वळून पाहिलं, त्यांना वाटलं कोणीतरी वल्हं मारलं. मागे कोणीच नव्हतं. शीर तुटली होती. ऑपरेशन, प्लास्टर, आणि ऐन सीझन घरात बसून गेला.

मोठ्या दवाखान्यातल्या हाडाच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, "गेल्या महिन्याभरात कुठली अँटिबायोटिक घेतली होती का?" घरातल्यांना कळेना की पोटाच्या गोळीचा आणि पायाचा संबंध काय. मलाही कळला नव्हता.

संबंध असा आहे. अँटिबायोटिकची एक जात आहे, फ्लोरोक्विनोलोन. नाव लक्षात राहायचं नाही, पण शेपूट लक्षात ठेवा: 'फ्लॉक्सासिन'. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही सगळी एकाच घरातली. स्ट्रिपवर कंपनीने दिलेल्या नावाबरोबर हे नावही छापलेलं असतं. दिसत नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला लावा. जुलाबाच्या ज्या जोडगोळ्या मिळतात (सिप्रोबरोबर टिनिडाझोल, ऑफ्लॉक्सासिनबरोबर ऑर्निडाझोल) त्यातही अर्धा भाग हाच असतो.

मांस जिथे हाडाला बांधलेलं असतं, त्या पांढऱ्या जाड दोरीला पुस्तकात कंडरा म्हणतात, आपण शीर म्हणतो. या गोळ्या काही लोकांमध्ये ही दोरी आतून कमजोर करतात. उन्हात पडून राहिलेला नायलॉनचा दोर बघा. वरून धड दिसतो, पण आतले पीळ सुटलेले असतात, आणि जोर लावला की त्याच जागी तुटतो. आपलं काम सगळं जोर लावायचं. होडी ढकलताना टाचेची शीर, जाळं ओढताना खांदा, कोपर आणि अंगठा. सगळ्यात जास्त त्रास टाचेमागच्या शिरेला होतो, आणि पुष्कळदा दोन्ही पायांना एकदम. शिवाय या शिरांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भरून यायला आठवडे नाही, महिने लागतात.

घाबरवायचा उद्देश नाही. बहुतेक लोकांना या गोळ्यांनी असं काही होत नाही. पण ज्यांना होतं त्यांचं कामच थांबतं. अमेरिकेच्या औषध खात्याने 2008 साली या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर शिरांबद्दलचा सगळ्यात कडक इशारा चौकटीत छापायला लावला. 2016 साली आणखी सांगितलं की सायनस, साधा ब्राँकायटिस, साधी लघवीची जळजळ यासाठी दुसरं औषध चालत असेल तर ही गोळी देऊ नका. युरोपनेही 2018 मध्ये तसेच निर्बंध घातले. गंमत बघा, निर्यातीच्या कोळंबीच्या तलावात हेच औषध घालायला आपल्याकडे बंदी आहे, आणि माणसाला ते काउंटरवर तोंडी मागून मिळतं.

धोका कोणाला जास्त? साठीच्या पुढच्यांना. किडनीचा आजार असलेल्यांना. आधी शीर दुखावलेली आहे त्यांना. अंगमेहनत करणाऱ्यांना, म्हणजे आपल्याला सगळ्यांनाच. आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांना. हे शेवटचं नीट समजून घ्या. दमा, सांधेदुखी यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना फ्लॉक्सासिन घेतली तर शीर तुटायचा धोका बराच वाढतो. गावात कागदाच्या पुडीत रंगीत गोळ्या मिळतात, एका दिवसात अंग हलकं होतं, त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. पुडीवर नाव नसतं, त्यामुळे दोन्ही एकत्र पोटात गेलं तरी कोणाला कळत नाही. पुडी घेऊच नका, भांडण झालं तरी चालेल.

दुखणं कधी सुरू होतं याला नियम नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत होऊ शकतं, पंधरा दिवसांनी होऊ शकतं, कोर्स संपून काही महिन्यांनीही होऊ शकतं. म्हणून कोणाला संशय येत नाही. गोळी चालू असताना किंवा नंतर टाचेमागे, खांद्यात, मनगटात, गुडघ्यात नवीनच दुखणं आलं, सूज आली, हातापायाला मुंग्या किंवा आग झाली, तर पुढची गोळी घेऊ नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा की ही गोळी चालू आहे, बदलून द्या. औषधाच्या माहितीपत्रकातही हेच लिहिलेलं असतं. एक अपवाद आहे. टीबीच्या काही पेशंटना लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन लांब मुदतीसाठी देतात. त्यांनी मनाने गोळी थांबवायची नाही. टीबी केंद्रावर त्याच दिवशी जाऊन दाखवायचं. टीबीचा कोर्स अर्धवट सोडणं जास्त महागात पडतं.

मग काम थांबवायचं. हे सगळ्यात कठीण, मला माहीत आहे. पण दुखऱ्या शिरेवर होडी ढकलायची नाही, जाळं ओढायचं नाही, ओझं घेऊन काठ चढायचा नाही. दुखण्याची गोळी खाऊन कामाला जाणं सगळ्यात वाईट, कारण दुखणं कळत नाही आणि शीर तुटेपर्यंत जोर लागतो. जोरात चोळायचं नाही, ताणायचं नाही. 'सांध्यात इंजेक्शन देतो' कोणी म्हणालं तर आधी विचारा की त्यात स्टिरॉइड आहे का, आणि फ्लॉक्सासिन घेतल्याचं सांगा. चालताना टाच थोडी उंच राहील अशी चप्पल किंवा टाचेखाली गादी घातली तर शिरेवरचा ताण कमी होतो. दुखणं उतरल्यावर व्यायाम लागतो, पण तो फिजिओथेरपीवाल्याकडून शिकून, हळूहळू. 'फट्' आवाज आला, किंवा त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर घरी थांबू नका. आपल्याकडे सयाजी हॉस्पिटलमध्ये हाडाचा विभाग आहे, सरळ तिथे न्या.

शुगरवाल्यांसाठी वेगळं सांगतो: या गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर. घाम, थरथर, चक्कर आली तर आधी साखर खा आणि मग डॉक्टर. आणि उन्हात कातडी लवकर भाजते. दिवसभर पाण्यावर असणाऱ्याने हेही डॉक्टरांना सांगावं.

खरं म्हणजे साध्या जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएस लागतं. संडासात रक्त, जोराचा ताप, किंवा पाण्यासारखे न थांबणारे जुलाब असतील तर डॉक्टरकडे जायचंच, मेडिकलवर नाही. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ही मोहीम सरकारने 2016 मध्ये सुरू केली. लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन तर मार्च 2014 पासून एच-वन यादीत आहेत. दुकानदाराने पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते.

डॉक्टरकडे गेलात तर स्वतःहून सांगा: "मी मासेमारी करतो, जोराचं काम आहे, वय इतकं, स्टिरॉइड चालू आहे किंवा नाही. फ्लॉक्सासिनच्या ऐवजी दुसरी चालेल का?" चांगला डॉक्टर रागवत नाही. काही आजारांत हीच गोळी लागते, तेव्हा ती घ्यावीच, फक्त तितके दिवस जोराचं काम दुसऱ्यावर सोपवावं.

ज्यांना असा त्रास झालाय त्यांनी 1800-180-3024 या मोफत नंबरवर कळवावं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा हा सरकारी कार्यक्रम आहे. पेशंटने स्वतः भरायचा फॉर्म गुजरातीत आणि मराठीतही आहे. काकांचा फॉर्म मी भरून दिला. अजून कोणाचा असेल तर रिकामी स्ट्रिप आणि दवाखान्याचे कागद घेऊन संध्याकाळी ऑफिसात या, मी बसलेला असतो. स्ट्रिप फेकून दिली असेल तर मेडिकलचं बिल आणा.

– सेक्रेटरी